हवाई दल मीच सुचवलं होतं

बी. ए. झाल्यावर मी आणि माझा वर्गमित्र फौजेत जायचं ठरवून नळदुर्गहून सोलापूरला भरतीसाठी गेलो. महायुद्ध चालू होतं. विमानाचं वेड माझं. त्याला काहीच ठरवता येईना. अर्ज हातात धरून तो म्हणाला, "मी काय लिहू?"

"हवाई दल लिही. सोबत राहू," मीच सांगितलं.

तपासणीत मला लाल-हिरवा रंग ओळखता आला नाही. त्याला घेतलं. मी नाइलाजानं रसद खातं निवडलं. परतताना मोटारीत तो आनंदानं बोलत होता आणि त्याचा आवाजही मला नकोसा झाला होता.

तो आधी रुजू झाला. काही दिवसांनी त्याची आई त्याचं पत्र वाचून घ्यायला माझ्याकडं आली. पहिल्यांदा विमानातून उडाल्याचं त्यानं पानभर लिहिलं होतं. जळफळत मी ते पान गाळलं.

"इमानात बसला व्हय रं?" तिनं विचारलं.

"न्हाय मावशी, अजून जमिनीवरच हाय."

"बरं झालं बाबा. लई धास्ती होती मला," म्हणत तिनं माझ्याच तोंडावरून हात फिरवला.

पुढच्या आठवड्यात मी रुजू झालो. त्याला पत्र लिहायला मला दोन वर्षं लागली.