बॉनेटला कान लावणारे दाजी

यंत्र कोणतंही असो, दाजी आधी त्याच्यावर दोन टिचक्या मारत, मग डोळे मिटून कान लावत आणि म्हणत, "कळलं." मिक्सर, बोअरची मोटर, शेजारणीची शिलाई मशीन, एकदा तर गॅसची शेगडी. काय कळलं, ते कधी सांगत नसत. आमच्या मिक्सरला त्यांचा कान लागला आणि त्यानंतर तो फिरला तो भंगारवाल्याच्या हातगाडीवरून.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. माढ्याचे. सोलापुरात स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहत. गिऱ्हाईक म्हणेल तो पार्ट फळीवरून काढून द्यायचा, एवढंच काम. पण औषधाच्या दुकानातला पोऱ्या जसा हळूहळू स्वतःला डॉक्टर समजू लागतो, तसे दाजी स्वतःला इंजिनीअर समजू लागले होते. "पार्ट हातात घेतला की गाडी बोलती माझ्यासंगं," असं म्हणायचे. गाडी त्यांना काय बोलत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडायचा.

आम्ही वळसंगचे. दोघी बहिणीच, भाऊ नाही, त्यामुळे जावई म्हणजे देवच. आमचे नाना निवृत्त मास्तर. अख्ख्या गावाचे कान पिळलेला हा माणूस जावई आले की खुर्चीवरून उठून उभा राहायचा. आई तर जावयाशी थेट बोलतच नसे. पदर पुढे ओढून, माझ्याकडे बघत विचारायची, "शालू, त्यांना विचार, भात वाढू का?" दाजी तिच्यासमोरच पाटावर बसलेले असत. तेही माझ्याकडेच बघून सांगत, "वाढा म्हणावं की." या दोघांच्या मधला टेलिफोन होऊन मी लहानाची मोठी झाले.

मग आईच्या किडन्या गेल्या आणि सोलापूरला डायलिसिसच्या वाऱ्या सुरू झाल्या. एसटीतून येताना ती अर्धमेली होऊन उतरायची. नानांची जुनी गाडी दारात होती, पण तिचं इंजिन संपलेलं. नाना ती सोलापूरच्या एका गॅरेजला देणार, तेवढ्यात दाजी उगवले. "मी असताना परका मानूस कशाला मामा? इंजिन काढायचं, दुसरं टाकायचं. त्यात काय हाय?" नानांचा चेहरा पडला, पण तोंडातून शब्द निघाला तो "बरं" एवढाच.

भंगारबाजारातून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं इंजिन आलं. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला साखळी बांधून जुनं वर ओढलं, नवं खाली सोडलं. पाण्याच्या वाटेतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, दाजींनी काढून सरळ उकिरड्यावर फेकला. "हे थंड मुलखातल्या लोकांचं खूळ. सोलापुरात इंजिन तापवायला ऊन कमी पडतंय व्हय?" वरून कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी ओतलं, टाकी तोंडोतोंड भरल्यासारखी दिसली, लगेच झाकण आवळलं. नारळ फुटला, हार पडला, दाजींनी बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेतला.

वेशीपर्यंत जाऊन येईतो तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. गंमत म्हणजे इंजिन चुलीसारखं तापलेलं आणि हीटर लावला तर आतून गार वारा. मी ते सांगितलं, तर दाजी खूष. "बघा मेव्हणीबाई, फुकटात एसी झाला!" मग त्यांनी रेडिएटर बदलला. मग पंखा. मग पुढे लिंबू-मिरची बांधली. काटा काही ऐकेना.

आई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "शालू, त्यांना विचार, पानी भरताना आतली हवा काडली का? आमचा डायलिसिसचा पोरगा नळ्यांवर टिचक्या मारमारून आधी सगळे बुडबुडे काडतो. एक बुडबुडा ऱ्हायला तरी मशीन वरडाय लागतं. आत हवा आसल तर पानी फिरंल कसं?"

मी विचारलं. दाजी पोट धरून हसले. "मामींना म्हणावं, ती रगताची मशीन, हे इंजिन हाय. बायकांनी ह्यात पडू नये." आणि अचानक डोळे मिटून, बॉनेटला कान लावून म्हणाले, "कळलं! इंजिन ठीक हाय. काटाच खोटं बोलतोय." त्यांनी काट्याची वायर उपटली. काटा निमूट खाली बसला. "झाली की न्हाय गार?"

"दाजी, थर्मामीटर फोडला म्हणजे ताप उतरतो का?" मी म्हटलं. मला त्या माणसाची किळस आली होती आणि ती मी लपवली नाही. नानांनी मलाच दटावलं. "जावई आहेत ते. त्यांनी केलंय म्हणजे बरोबर असेल."

दुसऱ्याच दिवशी आईची पाळी होती. डायलिसिसची पाळी, म्हणजे. अंगावर सूज, दम लागलेला. दाजी गाडी चालवायला, शेजारी नाना, मागे आई आणि मी. कुंभारीच्या अलीकडे आधी गोडसर जळका वास आला, मग बॉनेटमधून वाफेचा लोट, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. भर दुपारचं ऊन. दाजी उतरले आणि सवयीने दोन टिचक्या मारून त्यांनी तापल्या बॉनेटला कान लावला. कान भाजला. एवढी एकच गोष्ट त्यांना त्या दिवशी खरोखर कळली.

आईला श्वास पुरेना. समोरून एक पिकअप येत होती. नानांनी हात वर केला, तर दाजी एका हाताने कान धरून ओरडले, "मामा, मी असताना दुसऱ्याच्या गाडीत? माझी काय इज्जत ऱ्हाती? पाच मिनटं थांबा, गार हुंद्या." आणि नानांचा अर्धा वर गेलेला हात खाली आला. तो खाली आलेला हात मी आजही विसरलेली नाही. पिकअप निघून गेली.

आई दार उघडून उतरली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो तिने सावरला नाही. दाजींच्या डोळ्यांत बघून, मला मध्ये न घालता ती म्हणाली, "जावई, बाजूला व्हा." मग माझ्या खांद्याचा आधार घेत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बाजाराला शेरडं घेऊन निघालेला एक टेंपो करकचून थांबला. आम्ही ड्रायव्हरशेजारी चढलो. नाना मागं यायला निघाले तशी ती धापा टाकत म्हणाली, "तुमी ऱ्हावा हितंच. जावयाचा मान राखत बसा."

वेळेत पोचलो. नाना नंतर एकटेच, मान खाली घालून आले. गाडी ओढून गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने सांगितलं, हे इंजिन जुन्यापेक्षा उंच बसलंय, सगळी हवा वरच्या भागात अडकली, तिथं आणि हीटरपर्यंत पाणी पोचलंच नाही, तापून इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं. ते काम झाल्यावर त्याने नवा थर्मोस्टॅट घातला, पुढची चाकं चढावर घेतली, झाकण उघडं ठेवलं, सगळ्यात वरचा पाइप सैल करून इंजिन सुरू केलं. बुडबुडे येतच राहिले. ते संपल्यावर हीटर गरम झाला. पुढे आई त्याच गाडीतून जात राहिली. दाजींना मात्र तिने बॉनेटला हात लावू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दाजींमुळे गेली, असं मी म्हणणार नाही. एवढी मोठी गोष्ट त्या माणसाच्या नावावर कशाला टाकू?

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नानांनी हात जोडले, अक्काने जोडले. तेव्हा दाजी पुढे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कळलं. मामींचा जीव गाडीत अडकलाय." मोठ्याने ग्वाही दिली, "मामी, काळजी करू नगा. गाडीचं इथून फुडं सगळं मी बघतो." झाडावरचे होते नव्हते ते दोन कावळेही उडून गेले.

मी पुढे गेले. "आई, दाजींचा हात गाडीला लागणार नाही. नाना, सांगा तिला."

नानांनी एकदा जावयाकडे बघितलं. मग ते पिंडाकडे वळून म्हणाले, "न्हाई लागणार. मी लागू देणार न्हाई."

कावळा आला आणि त्याने घास उचलला.