कच्चा रंग, पक्का रंग

हातात ब्रश असला की माणसाचं तोंड आपोआप सुटतं. नांदेडातल्या आमच्या चिनीमातीची भांडी रंगवायच्या वर्कशॉपमध्ये कपबशा कमी अन् किस्सेच जास्त साचलेत!

अर्धापूरच्या सुमनताई आमच्याकडे शिकायला यायच्या. घरची केळीची बाग, म्हणून त्यांनी प्लेटवर केळीच काढली. अंडरग्लेझचा, म्हणजे चकचकीत थराखाली द्यायचा रंग भाजण्याआधी मळकट, फिका दिसतो. त्यांचे मालक न्यायला आले, प्लेट निरखून म्हणाले, "करपा पडलाय की गं!"

पुढच्या आठवड्यात तीच प्लेट वर ग्लेझचा काचेसारखा थर चढून भट्टीतून हिरवीगार निघाली. मालकांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"कोणतं औषध मारलं?"

आमच्या नसरीनआपा आधी मेहंदी काढायच्या. आता मेहंदीच्याच कोनात रंग भरून कपांवर नक्षी काढतात. एकदा भाजलेला तयार कप गिऱ्हाइकाच्या हातात देताना सवयीनं बोलून गेल्या, "आज पाणी लावू नका हां, रंग चढू द्या!"

गिऱ्हाईक घाबरलं. "मग चहा कधी प्यायचा?"

चाकूरकडच्या एका उमेदवारानं निकालाआधीच कपांची ऑर्डर दिली. नावापुढे 'सरपंच' लिहा म्हणाला. भट्टी थंड होईस्तोवर तो पडला! कप आता नेतो कशाला, असं आम्हाला वाटलं. पण आला.

"द्या इकडं. चहा पिताना तरी सरपंच ऱ्हाईन!"

देगलूरचे एक रिटायर मास्तर घराची पाटी करायला बायकोला घेऊन आले. आपांनी त्यांचं नाव रंगवलं, खाली वेल काढायला जागा सोडली. काकूंना विचारलं, "तुमचं नाव?"

"माझं कशाला? घर त्यांचं हाय."

मास्तर फोनवर बोलायला बाहेर गेले. काकू हळूच म्हणाल्या, "हे पुसता येतंय का?"

"भाजायच्या आधी येतंय," आपा म्हणाल्या. "ओल्या स्पंजानं. नंतर न्हाई."

काकूंनी ब्रश मागून घेतला. मास्तरांच्या नावाखाली, वेलीच्या जागी, सावकाश लिहिलं: चंद्रकला.

मास्तर आत आले. "अगं, तू तर सुलोचना!"

"ते तुमच्या घरचं. लग्नाआधी मी चंद्रकला होते. विसरलात?"

मास्तरांनी स्पंज उचलला, पाण्यात बुडवून पिळला. आपांनी मान फिरवली. काकू पाटीकडेच बघत राहिल्या.

मास्तरांनी स्वतःचं नाव पुसलं.

"आपा, मला हिच्या खाली घ्या."