टीव्हीसमोरचा धुळीचा चौकोन

यंत्राला घरचं माणूस मानणारे गृहस्थ अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच असतील, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. डोणगावात त्यांचा बर्फाचा कारखाना होता. तो विकल्यावर त्यांचं लक्ष गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राकडे गेलं, कारण तो वरून सगळाच बर्फाचा. त्या बर्फावरच्या भेगांचे फोटो ते मोबाइलवर मोठे करून पाहतात आणि गिऱ्हाइकाला पटवावं तसं मला पटवतात, "पाहा जावईबापू, खाली पाणी हाये. लादी उगाच नाही तडकत." तो बर्फ जवळून तपासायला परदेशातून यान सुटलं, तेव्हा मामांनी टीव्हीच्या काचेला दह्याचं बोट लावलं. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या हातावर दही देतात, आणि ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात झाडू फिरवत नाहीत. यानाचा प्रवास साडेपाच वर्षांचा! मामींनी दुसऱ्याच सकाळी झाडू उचलला. मोठं भांडण झालं आणि शेवटी फक्त टीव्हीसमोरचा तुकडा न झाडण्यावर तह झाला. मी टेप लावून पाहिला. चार फूट बाय तीन.

पुढच्या उन्हाळ्यात बसस्टँडवरून येताना मामांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करा, थांबू नका. मामा म्हणाले, "यान पोचू द्या, मंग कापा." मी धोक्यांचा हिशेब समजावला. शस्त्रक्रियेतला लहान, थांबण्यातला फार मोठा. "आकडे बरोबर हायेत," मामा म्हणाले, "पण त्या लहान आकड्यात मीच निघालो तं? तो बर्फ मंग पाहीन कोण?" आठवडा गेला. चार पायऱ्या चढूनही त्यांना घाम फुटू लागला. मी रोज समजावायचो, ते रोज भेगा पाहायचे.

एका सकाळी मामी झाडू घेऊन चौकोनाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "काऊन आली वं इकडं?" मामा ओरडले.

"तुम्ही नाही राह्यले तं तेराव्याच्या आधी हे झाडून टाकीन. सांगून ठेवते."

मामांनी भेगांचा फोटो बंद करून मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "बॅग भर."

संभाजीनगरच्या दवाखान्यात मामींनी डबीतलं दही काढलं. नर्स धावली, "पेशंटला काही द्यायचं नाही!" मामांनी ते नुसतं तळहातावर घेतलं आणि मूठ मिटून आत गेले. दार बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ झाली, टळली, तरी कोणी बाहेर येईना. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. तेवढ्यात मामींना शेजारणीचा फोन आला. घराची किल्ली तिच्याकडे होती.

"मामी, घर झाडून घेऊ का?"

"हात नको लावू!" मामींचा आवाज साऱ्या व्हरांड्यात घुमला. "साऱ्या घरात झाडू नाही फिरवायचा. काऊन म्हंजे? घरचे दोन जण वाटेवर हायेत."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मामींनी "कसे आहेत" असं विचारलंच नाही. "पोचले?" एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांना काही कळेना. "शुद्धीवर येताहेत," ते म्हणाले.

"पोचले, मामी," मी म्हणालो.

आता मामा छातीला उशी धरून टीव्हीसमोर बसतात. वाटेवरच्या दुसऱ्याचा निरोप यायला अजून वर्षं आहेत. मामींचा झाडू चौकोनाच्या कडेपर्यंत येतो आणि तिथून हलकेच मागे वळतो. हल्ली मीही त्या घरी गेलो की चौकोनाला वळसा घालून जातो.