मुळापर्यंत गेलेला माणूस

“आपण मुळापर्यंत जातो, बरं का,” असं म्हणत साहेब खुर्चीत मागे रेलायचे. विषय जितका खोल, तितकी खुर्ची मागे. एकदा पामतेलाबद्दल बोलताना ते जवळजवळ आडवे झाले होते.

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात ते खरेदीप्रमुख होते. साहेबांना जे इंग्रजीत म्हणता येत नाही ते टाईप करणं, हे माझं काम. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे मला फारसं कळत नाही असा त्यांचा समज होता. तो मी कधी दुरुस्त केला नाही. सोयीचा होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना एखादा शब्द नव्या शर्टासारखा मिळतो आणि मग ते तो धुवायलासुद्धा काढत नाहीत. साहेबांचा शब्द होता ‘जबाबदार’. बंगळूरची एक मोठी कंपनी आमची बिस्किटं स्वतःच्या नावाने विकणार होती. तिने विचारलं, तुमचं पामतेल कुठलं जंगल तोडून आलेलं नाही ना? कोकोच्या मळ्यांत लहान मुलं राबत नाहीत ना? हे तुम्ही कसं तपासता?

साहेबांनी तपासाची सुरुवात पाटी रंगवण्यापासून केली. गेटवर हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरांत ‘आम्ही जबाबदार आहोत’. मैद्याचा ट्रक घेऊन आलेला ड्रायव्हर पाटी वाचून खालीच उतरेना. “काय झालंय हितं? कोन मेलं काय?”

पोती उतरवणाऱ्या मामांनी ‘मुळापर्यंत’चाही आपल्यापुरता अर्थ लावला होता. “मुळापत्तूर म्हंजे राहुरीलाच ना? धरनावर मासे लई ग्वाड मिळत्यात.” आणि खरंच, पुरवठादारांच्या पाहणीला म्हणून साहेब कंपनीच्या गाडीने जात ते मुळा धरणापर्यंत. शर्टाला तळलेल्या मरळीचा वास घेऊन संध्याकाळी परत.

कोकोबद्दल मी एकदाच तोंड उघडलं. आफ्रिकेत लहान मुलं कोयत्याने कोकोची फळं फोडतात, असं मी वाचलं होतं. आपली पावडर भिवंडीच्या गोदामातून येते, त्याच्या मागचं आपल्याला काहीच माहीत नाही, एवढं मी म्हणाले. साहेब प्रेमाने हसले. “अहो मॅडम, पोरं कोको खातात. पिकवत नाहीत.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की दुपारपर्यंत त्यांनी ते तीन टेबलांवर ऐकवलं. मग जाता जाता मला म्हणाले, “आणि आफ्रिकेतली पोरं काय आपली जबाबदारी आहे व्हय?” त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर त्या पाटीची छोटी आवृत्ती टांगलेली होती.

आम्हाला पामतेल देत ते चाचा. मार्केट यार्डात त्यांचं तेलाचं दुकान. कारखाना साधी बेकरी होता तेव्हापासून त्यांचे डबे येत, पुढे बॅरल यायला लागले. त्यांचा निम्म्याहून जास्त धंदा आमच्यावरच होता. साहेबांनी त्यांना बोलावलं आणि मी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. तुमच्या तेलासाठी कुठेही जंगल तोडलेलं नाही, एवढं लिहून द्यायचं होतं.

चाचांनी माझ्याकडून तो मराठीत समजून घेतला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“साहेब, मी उरनच्या बंदरातल्या तेलाच्या टाक्यांपत्तूर गेलेला मानूस. तिथून म्होरं समिंदर हाय. जंगल तोडलं का ठेवलं, मी कसं सांगू?”

“सांगायचं कुठंय? सही करायचीय.”

“मग सहीच कशी करू?”

“चाचा, अहो, सगळे करतात.”

“करत असतील. त्यांनी पायलं असंल.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच कुणीतरी पाहून आलं असेल, असं त्यांना वाटत होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या डोळा मारण्याची किळस मला अजून येते.

आठवड्याभरात साहेबांच्या मेव्हण्याने तेलाची एजन्सी काढली. सही करायला त्याला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

मग बंगळूरहून तपासनीस आला. तरुण, नम्र, बूट भलतेच स्वच्छ. त्याच्या शेऱ्यावर सगळं ठरणार होतं. तेल मेव्हण्याचं घ्यायचं, की चाचांचं घेऊन, ते कुठून आलं याचा शोध बंगळूरच्या कंपनीने स्वतः घ्यायचा. त्याने हिंदीत विचारलं, “पाम ऑइल के लिए आप कहाँ तक गए हैं?”

“एकदम मुळा तक,” साहेब छाती फुगवून म्हणाले.

“मुळा…” तो लिहू लागला. “ये मलेशिया में है?”

साहेब क्षणभरच अडखळले. “हां. उधरच.”

साहेब माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“राहुरी में है, सर,” मी म्हणाले. “डैम है.”

तपासनीस माझ्याकडे बघून मोकळेपणी हसला. गप्प मुलीने विनोद केला, असं त्याला वाटलं. साहेबही हसले, त्याच्यापेक्षा मोठ्याने. मग त्याने खाडाखोड न करता पुढचा प्रश्न विचारला.

मेव्हण्याचं तेल सुरू झालं. साहेबांना बंगळूरच्या कंपनीनेच उचललं, मोठ्या पदावर. निरोप समारंभाला चाचा न बोलावता आले, गुलाबाचा हार घेऊन. जुनी ओळख, म्हणाले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही आपली खरी माणसं!” चाचा लाजून हसले. साहेब गेले ते गेलेच. पुण्यात उतरतात म्हणे कधीकधी. नगरला येत नाहीत.

परवा मी मार्केट यार्डात गेले होते. चाचांच्या दुकानात आता बॅरल नाहीत. सुट्टं तेल विकतात, बाटली घेऊन येणाऱ्यांना. भिंतीवर बंगळूरच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. कुणीतरी आणून दिलं, त्यांचा फोटो छापून आलाय म्हणून.

“बेटा, खाली इंग्रजीत काय लिवलंय गं?”

मी वाचलं. मग त्यांना मराठीत सांगितलं, “आमचा पाम शेतकरी.”

चाचा कॅलेंडरजवळ सरकले. “मी? अगं, माझ्या कुंडीत मेथी उगवंना.”

फोटोत पांढऱ्या दाढीचे चाचा लाजून हसत होते. साहेबांना कापून काढलं होतं. खांद्यावरचा हात तेवढा राहिला होता, मनगटापर्यंत.