समोरची खुर्ची

माधवअण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटले." आजूबाजूच्या वकिलांनी चमकून पाहिलं. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो त्यांच्याविषयी असं बोलावं का?... पण मला खरंच हायसं वाटलं होतं. का, ते आता पाचसहा आठवड्यांनी शांतपणे सांगता येईल.

मी मुळात रसायनशास्त्राचा पदवीधर. मद्रासजवळच्या एन्नोरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, कायमची नोकरी चालून आली होती. ती सोडून मी कायद्याच्या वर्गात जाऊन बसलो. आमच्या तंजावरी गोतावळ्यात मास्तर झाले, कारकून झाले, पण काळा कोट कुणी चढवला नव्हता. परीक्षा कशीबशी पदरात पडली, तरी सनदेआधी कुणा जुन्या वकिलाकडे उमेदवारी करावी लागे, आणि माझ्यासारख्याला दारात उभं कोण करणार? वडिलांनी ओळख काढून मला एग्मोरला अण्णांच्या घरी नेलं. अण्णा म्हणाले, दिवाळीपर्यंत बघतो, मग ठरवतो. बाहेर पडल्यावर वडिलांनी बजावलं की अण्णांनी नाही म्हटलं तर मुकाट्याने एन्नोर गाठायचं. तिथली जागा अजून भरली नव्हती.

अण्णांचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. त्यांची एक पद्धत होती. खटल्याची हकीगत उमेदवाराने खुद्द पक्षकारासमोर तोंडी मांडायची, म्हणजे काही चुकलं तर तिथल्या तिथे कळे. दिवाळीच्या तोंडावर गिंडीचे एक रंगाचे कारखानदार आले. व्यापाऱ्याने भेसळीचं जवस तेल पाठवलं, असा त्यांचा दावा होता. अण्णांनी मला मांडायला सांगितलं आणि माझी पाचावर धारण बसली. अशा वेळी हाडीमाशी मुरलेलंच बाहेर येतं. मी कॉलेजातल्या प्रयोगासारखं सुरू केलं... हेतू, कृती, निरीक्षण. आणि त्याच ओघात निष्कर्षही सांगून मोकळा झालो : कारखान्यात पिंप पावसाळाभर उघडं होतं, तेल तपासलं त्यानंतर, तेव्हा भेसळ सिद्ध होत नाही.

कारखानदारांनी अण्णांना तमिळमध्ये विचारलं, हा मुलगा आपला की त्यांचा? मी मनातल्या मनात एन्नोरच्या गाडीत बसलो.

अण्णांनी आधी सगळ्यांना कॉफी मागवली. मग भिंतीकडेच्या वेताच्या खुर्चीकडे बोट केलं.

"ती ओढ, अन् माझ्या समोर बस. तू आता व्यापाऱ्याचा वकील. हेच पुन्हा सांग."

मी सांगितलं. या खेपेला कारखानदार रागावले नाहीत, ऐकत राहिले. शेवटी तेच म्हणाले, कोर्टात हे ऐकण्यापेक्षा आपसात मिटवलेलं बरं. तसं मिटलंही. ते गेल्यावर अण्णा मला एवढंच म्हणाले, "सरी. दिवाळीनंतर लवकर येत जा." सरी म्हणजे ठीक. तो तमिळ शब्द त्यांच्या मराठीत कायमचा मुक्कामाला होता. त्या संध्याकाळी मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेलो, आणि वडील चक्क हसले.

ती खुर्ची पुढे समोरच राहिली. प्रत्येक खटल्यात कुणीतरी तिच्यावर बसून अण्णांच्या विरुद्ध बोलायचं, हा त्या खोलीचा नियमच झाला.

शेवटच्या आजारात त्यांची खाट त्याच खोलीत हलवली होती. येणारा प्रत्येक जण म्हणे, महिन्याभरात उठून बसाल. मीही तेच म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीकडे बोट केलं.

"त्या बाजूने सांग."

मी बसलो. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं ते सगळं, काहीही न गाळता, सांगितलं. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं, डोकं उशीला टेकलं आणि लांब श्वास सोडला.

"सरी. सगळेच माझ्या बाजूने बोलत होते रे. त्याचीच भीती वाटत होती."

नंतरचे दिवस ते शांत होते. म्हणून माझ्या तोंडून "सुटले" हा शब्द निघाला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने ती खुर्ची माझ्याकडे पाठवून दिली. सोमवारपासून माझ्याकडे एक मुलगी उमेदवारीला येते आहे. पदवी वनस्पतिशास्त्राची, आणि चेहऱ्यावर भीती माझीच. खुर्ची मी टेबलासमोर मांडून ठेवली आहे.