नानांनी ठरवलेली टॅक्सी

कार्डाची मला आठवण झाली होती. गाडीचं दार लागलं होतं, पण गाडी अजून सुटली नव्हती, आणि माझा हात खिशातल्या त्या कार्डावर होता. मी गप्प बसलो. पुढं घरी, दुकानात, आमच्या कडा गावच्या बाजारात सगळ्यांना मी सांगत आलो की मी विसरलो. बायकोलासुद्धा तेच सांगितलं. खरं आज पहिल्यांदा लिहितोय. पण आधी नाना कोण, ते सांगायला हवं.

शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर असा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. लाल पटका, गुडघ्याखाली न उतरणारं धोतर, खांद्यावर टॉवेल. एका बाजूला घेणारा, दुसऱ्या बाजूला विकणारा आणि मध्ये नाना, दलाल. "हात द्या," म्हणायचे. समोरच्यानं हात पुढं केला की त्यावर टॉवेल टाकायचे आणि खाली बोटं दाबून भाव करायचे. तोंडानं मात्र पाऊसपाणी, लेकीचं सासर, असल्या गप्पा चालू. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही की टॉवेलाखाली काय चाललंय.

"नाना, सरळ तोंडानं सांगितलं तर काय बिघडतं?" मी एकदा विचारलं.

"तोंडानं सांगितलं की चार जन मधी पडत्यात. मंग सौदा ऱ्हात न्हाई, पंचायत व्हती."

माणूस पारखल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडायचं नाही. एसटीत चढायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन विचारायचे, "गाव कंचं, पाव्हणं?" मागं लोक खोळंबायचे. गाव कळून काय करणार, असं मी म्हटलं तर म्हणाले, "गाडी आडवीतिडवी चालवाय लागला तर गावाचं नाव घिऊन शिव्या द्याला बरं पडतं."

माझं कड्यात पशुखाद्याचं दुकान आहे. बाजाराला आलेला धनगर नानांनी सांगितलं तरच माझ्याकडून माल न्यायचा. त्यांच्या शब्दावरच माझा निम्मा खप व्हायचा. एका वर्षी कंपनीनं टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना बँकॉकची सहल दिली, दोघांची. बायको म्हणाली, "चार दिवस तिथं काय खाऊ मी? तुम्हीच जा." मी नानांना विचारलं. ते हसले, आधी थट्टा वाटली त्यांना. मग म्हणाले, "टारगेट म्हंजी माज्याच मेंढ्यांनी खाल्लं की ते. येतो."

पासपोर्ट काढून दिला, विमानात खिडकीची जागा दिली. इथपर्यंत मला अभिमान होता. तिथं गेल्यावर तो उतरत गेला.

सहलीत बाकीचे दुकानदार पँट-टीशर्टमध्ये. नाना पटका बांधून. हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरताना आत उभ्या बाईला नमस्कार करायचे. नाश्त्याला केळी दिसली की धोतराच्या सोग्यात बांधून घ्यायचे. आष्टीचे एक दुकानदार होते, बोलायला तिखट. ते मला सारखे म्हणायचे, "शेठ, तुमचे नाना कुठंयत? आवरा." मी हसायचो आणि मनात जळायचो. चिडायचो ते नानांवर.

खरी कटकट गाड्यांची. फिरायला मोकळा वेळ असला की आम्ही मोबाईलवर ॲपनं गाडी मागवायचो. तिथले टॅक्सीवाले मीटर टाकत नाहीत, नवख्या माणसाला बघून वाट्टेल ते सांगतात, हे गाईड बाईंनी पहिल्याच दिवशी हिंदीतून बजावलं होतं. ॲपवर भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर दिसतो, नकाशावर गाडी येताना दिसते. मला ते फार सोयीचं वाटायचं. नानांना पटायचं नाही.

"हा भाव कुनी ठरवला?"

"ॲपनं."

"आपल्याला इचारलं?"

"नाही विचारत ते. पटलं तर बसायचं."

"आन गाडीवाल्याला?"

"त्यालाही नाही विचारत."

"मंग दोघांनी कावून आयकायचं त्या तिसऱ्याचं? दलाली तर त्योच खातोय की! म्या जल्मभर खाल्ली, पर तोंड दावून."

आष्टीवाले म्हणाले, "ओ नाना, इथं शेळी न्हाई घ्यायची, नुसतं गाडीत बसायचंय."

"बसायचंच हाय, पर बसवनारा कोन त्ये बगू द्या की."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण एका मोठ्या मॉलच्या बाहेर उभे होतो. ॲपनं जी गाडी आली तिच्यात चौघांचीच जागा. आष्टीवाल्यांना सुचलं. "नानांना टॅक्सीनं येऊ द्या. बघू कोण आधी पोचतंय. आपलं ॲप का त्यांचा टॉवेल!"

सगळे हसले. नानांनाही गंमत वाटली. "चला की. च्या पिऊन तुमची वाट बगत बसतो."

मी गाडीत बसलो. दार लागलं. तेव्हा माझा हात खिशाकडं गेला आणि कार्ड लागलं. हॉटेलचा पत्ता लिहिलेलं, गाईड बाईंनी आम्हा दोघांत मिळून दिलेलं. नानांच्या फोनला तिथं रेंज नव्हती. त्यांना हॉटेलचं नाव उच्चारता येत नव्हतं, मलाही धड येत नव्हतं. काच खाली करून कार्ड द्यायचं, एवढंच काम. पण गाडीत हसणं चाललं होतं, मीही हसत होतो, आणि तीन दिवस त्या माणसाची समजूत घालून मला कंटाळा आला होता. खरं सांगू? गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

आम्ही पोचलो. नाना आले नाहीत.

चहा झाला. ट्रॅफिक असेल म्हणालो. मग आष्टीवालेही घड्याळ बघू लागले. मी परत ॲपनं गाडी मागवली, मॉलपाशी गेलो, दोन्ही दारं धुंडाळली. लाल पटका म्हणून धावलो तर कुणा बाईची टोपी निघाली. मोबाईलच्या नकाशावर गाड्याच गाड्या सरकत होत्या, प्रत्येकीचा नंबर कळत होता. नाना कुठल्या गाडीत आहेत ते कळायची सोय नव्हती. हॉटेलवर परत आलो तर गाईड बाईंनी विचारलं, "उनके पास कार्ड तो है ना?"

"भूल गया," मी म्हणालो. पहिल्यांदा खोटं बोललो ते हे.

बाई पोलिसांना फोन करायला गेल्या. मी हॉटेलच्या पायरीवर बसून राहिलो. नानांच्या घरी काय सांगायचं, हा एकच विचार. शब्द जुळवत होतो आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला एक गुलाबी टॅक्सी पायरीशी येऊन थांबली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, नाना. मांडीवर अर्ध्या कापलेल्या कलिंगडाची पिशवी. दोघंही हसत होते. मी उठून गाडीशी धावलो.

उतरल्यावर नाना खिशात हात घालणार, तोच ड्रायव्हरनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून काहीतरी दाबलं. नाना एवढ्यानं हसले की आतून वेटर बाहेर आले. "बगा! शिकलं बेनं! एक बोट वाढवून मागतंय!" त्यांनी ते दिलं, वर पाठीवर थाप मारली.

मग लॉबीत सगळ्यांसमोर त्यांनी जे सांगितलं, ते पुढं बाजारात वर्षानुवर्षं सांगत राहिले. तीन टॅक्सीवाले त्यांनी तोंडं बघून परतवले. चौथा वयस्कर होता, गाडीला फुलांची माळ होती, तो पसंत पडला. हात द्या म्हणाले, टॉवेल टाकला. तो आधी दचकला. मग खिशातली नोट दाखवून, बोटं दाबून नानांनी त्याला गोष्ट समजावली आणि भाव ठरला. नाना ऐटीत पुढं बसले. गाडी सुटली.

"आन मंग त्यो माज्याकडं बगतोय, म्या त्येच्याकडं. जायाचं कुठं? भाव ठरला, टॅक्सी ठरली, गावाचाच पत्ता न्हाई! बाजारात शेळी समोर उभी ऱ्हाती ओ. जायाचं कुठं हे कधी इचारावंच लागलं न्हाई."

त्यांनी खाणाखुणा केल्या. उंच इमारत दाखवली, तिथं सगळ्याच उंच. झोपायची खूण केली, तर त्यानं एका दवाखान्याच्या दारात नेलं. ह्यांनी हात जोडले, त्यानं गाडी वळवली. शेवटी भूक लागली म्हणून दोघं रस्त्याकडेच्या गाड्यावर बसले. खाऊन झाल्यावर नानांनी कोपरीच्या खिशातून तंबाखूची पिशवी काढली, तिच्याबरोबर हॉटेलच्या खोलीची प्लॅस्टिकची चपटी चावी बाहेर पडली. चावीच्या कागदी पाकिटावर हॉटेलचं नाव होतं. ड्रायव्हरनं कपाळावर हात मारून घेतला.

सगळे पांगल्यावर खोलीत मी म्हणालो, "नाना, कार्ड माझ्याकडंच राहिलं. विसरलो."

त्यांनी माझा हात हातात घेतला. टॉवेल नव्हता. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"लई गार पडलाय. भ्यालता का?"

"हो."

"मंग बास." आणि कलिंगड कापायला चाकू शोधू लागले.

त्यांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या रात्री मी गाढ झोपलो, हेही कबूल करतो.

नाना मागच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले. त्यांच्या जागी आता दोन दलाल उभे असतात, ते मोबाईलवर आकडा काढून दाखवतात.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. सहलीनंतर बाजाराच्या दिवशी पेंड न्यायला आल्या की दुकानात जो असेल त्याला सांगायच्या, "ह्या शेठनी माज्या मालकाला परमुलखातनं हुडकून आनलं. दुसरा असता तर सोडून आला असता." मी तराजूकडं बघायचो. नाना शेजारी असले तर नुसते टॉवेलनं तोंड पुसायचे.

नाना गेल्यावरही काकू येतात, तेच सांगतात. आता तर डोळ्यांना पदर लावून सांगतात.

हे लिहिलं आणि हलकं वाटलं. तुम्हाला सांगून झालं, याचंही बरं वाटलं. पण काकूंना वाचता येत नाही. मी गाडीत बसून होतो, कार्ड माझ्या हातात होतं आणि मला आठवलं होतं, हे त्यांच्यासमोर बसून तोंडानं सांगायचं देणं माझ्याकडं अजून आहे.