सरू कामावर कशी बसते

ललिता मॅडमच्या रागाची ख्याती टेमघरच्या बाहेरही पोचली होती. ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या पोरांना पेशंट कसा तपासावा, कसा हाताळावा, हे त्या अठरा वर्षं शिकवत होत्या. पुस्तक विसरलं तर त्या चिडत नसत. परीक्षेत कुणी नापास झालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवत. पण पेशंटला हात न लावता कागदावर ‘तपासलं’ असं लिहिणारा त्यांच्या तावडीत सापडला की त्याची धडगत नसे.

याचं मूळ त्यांच्या वडिलांपाशी होतं. सावळाराम कशेळीच्या गोदामात गोण्या उचलत. खांदा धरला तेव्हा चार ठिकाणी दाखवून झालं, गोळ्या झाल्या, शेक झाला. चारांपैकी एकानेही त्यांना बनियन काढायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खांद्याचं मांस झिजून हाड वर आलेलं कुणालाही दिसलं असतं. हात गेला तो गेलाच, आणि तेव्हा नववीत असलेल्या ललिताच्या अंगात तो राग मुरला.

त्या शुक्रवारी सहा पोरांच्या घोळक्यातून कल्पेश केस सांगत होता. शेवटच्या वर्षाचा, बोलण्यात एकदम पटाईत. समोर टेबलावर सरू बसली होती. डोंगराकडच्या पाड्यावरची, चाळिशीची बाई, काल्हेरच्या गोदामात चिंध्या निवडायला यायची.

“उजवं पाऊल वर उचलत नाही, मॅडम. एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलीय. तीन आठवडे मशीनवर कमरेला ट्रॅक्शनचा ताण दिला, फरक नाही. सोमवारी पाठीचं ऑपरेशन आहे.”

“हे कागदाने सांगितलं. तू काय पाहिलंस?”

कल्पेश फाईल चाळू लागला.

“ठेव ती फाईल!” मॅडम कडाडल्या. “बाई टेबलावर आहे, फाईलमध्ये नाही. हात काय खिशात ठेवायला दिलेत?”

मग त्यांनी सरूला चालायला लावलं. उजवं पाऊल थपथप आपटत सरू भिंतीपर्यंत गेली. तिची चप्पल अर्ध्या वाटेतच राहिली.

“अशीच गळते, बाय,” सरू म्हणाली. “मना कळत बी न्हाय.”

मॅडमनी तिला परत टेबलावर बसवलं आणि पाऊल हातात घेतलं. वर उचला म्हटलं, तर उचललं नाही. बाहेर वळवा म्हटलं, तर ते हललंही नाही. आत वळवा म्हटल्यावर मात्र पावलाने मॅडमचा तळहात चांगला जोरात रेटला.

“हात लाव, बघ हा जोर. पाठीत नस दबली असती तर इथेही पाऊल ढिलं पडलं असतं. मग नस कुठे दबलीय?” उत्तराची वाट न बघता त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्याखाली बोटाने टिचकी मारली.

“आय गं! पावलापोत मुंग्या गेल्या!”

“सरूताई, कामावर कशा बसता तुम्ही? दाखवा बघू.”

सरू खाली उतरली आणि फरशीवर उकिडवी बसली. “अशी. सकाळपासून सांजपोत. दिवाळीपासून हेच काम हाय. मुकादम बसाया पाट देत न्हाय.”

“हे तुम्ही इथे कुणाला सांगितलं नाही?”

“कोनी इचारलाच न्हाय. पाठ दुखतं का, इचारला. मी हां बोल्ले. गोन्या वढून कोनाची पाठ दुखत न्हाय?”

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. सहाच्या सहा पोरांना त्यांनी सरूसारखं उकिडवं बसवलं. “मी सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही. गुडघ्याची नस दिवसभर चेपली गेलीय, आणि तुम्ही पाठ फाडायला पाठवताय! सरकलेली गादी गोण्या ओढणाऱ्या निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्ये दिसते. पहिल्या दिवशी हिला कुणी तपासलं?”

“मी,” कल्पेश म्हणाला.

“आणि हा कागद पास कुणी केला? कोण तो दिवटा?”

रांगेतली रुचिका हळूच म्हणाली, “मॅडम, खाली सही आहे.”

मॅडमनी फाईल ओढली. निळ्या शाईत त्यांचीच सही होती. त्या दिवशी मीटिंगला उशीर होत होता आणि कागदांचा अख्खा गठ्ठा त्यांनी उभ्या उभ्या सह्या करून मोकळा केला होता. बनियन काढायला न सांगणाऱ्या त्या चौघांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आता पाचवं नाव त्यांचं होतं.

त्यांनी सगळ्यांसमोर सर्जनला फोन लावला. “सोमवारचं ऑपरेशन थांबवा, सर. दुखणं गुडघ्यापाशी आहे, नसेची तपासणी करून घेऊ. चूक माझी. मी न बघता सही केली.”

“म्हंजी पाठ फाडायची न्हाय?” सरूने विचारलं.

“नाही. पायाला पट्टी लावू, पण उकिडवं बसणं बंद. पाऊल बहुतेक परत उचलेल, महिने लागतील. मुकादमाशी मी येऊन बोलते.” एवढं बोलून ललिता मॅडम पोरांच्या रांगेत उकिडव्या बसल्या.

सरू भिंतीला धरून उठली. ती रागाने सगळ्यांकडे वळली. “तीन आठवडं मना त्या मशीनवर खेचलाव. पोरांना सांगून आलेली, सोमवारी आय परत येल का न्हाय म्हाईत न्हाय. इचारलाव असता तं पयल्याच दिशी बसून दाखवला असता.”

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कल्पेशचा पाय बधिर झाला. त्याने मॅडमकडे पाहिलं. “मॅडम, उठू?”

“मला नको विचारू. त्यांना विचार.”

सरूने आपली चप्पल शोधून पायात अडकवली, टेबलावर चढून बसली आणि खालच्या सात जणांकडे पाहिलं.

“बसा,” ती म्हणाली. “सांज व्हायला येळ हाय.”